फिक्सी सायकलला दोन-तीन गिअर कसे करायचे (पन्हाळा चढायचाय अशांसाठी)

रंकाळ्याला सकाळी फिक्सी, म्हणजे एकाच गिअरची सायकल, घेऊन येणारी पोरं आता बऱ्यापैकी दिसतात आणि जरा थांबलं की प्रत्येकाचा एकच प्रश्न, दादा सपाटीला लई भारी चालते पण पन्हाळ्याला कसं जायचं, ह्याला गिअर बसतात का. बसतात. पण एमटीबीला बसतात तसे नाही बसत, आणि का नाही ते आधी समजून घ्या, कारण ते न समजता जो गिअर बसवायला जातो तो सायकल पण मोडून घेतो आणि स्वतःला पण.

फिक्सीच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, फ्रीव्हील नसतं, कॉग म्हणजे मागची दातेरी चकती थेट हबच्या आट्यांवर घट्ट बसलेली असते, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. आता साध्या सायकलवर पायडल मारताना चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची सैल, डिरेलरची (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ती खालची सैल बाजू ओढून धरते, एवढंच तिचं काम. फिक्सीवर तुम्ही वेग कमी करायला पाय मागे दाबलेत की सगळं उलटं होतं, खालची बाजू ताणली जाते आणि वरची सैल पडते. तिथे डिरेलर असेल तर तुमच्या मांड्यांचा सगळा जोर त्या बारक्या हातावर येतो, तो खेचला जातो, वाकतो आणि सरळ आऱ्यांत शिरतो. स्प्रिंगवाला चेन टेन्शनर लावला तरी तेच. म्हणजे कुणी कितीही सांगितलं की जुगाड होतो, तरी फिक्स्ड कॉगच्या चेनवर स्प्रिंगवाली कुठलीही वस्तू लावायची नाही. फिक्सीची चेन वरून पण ताठ पाहिजे आणि खालून पण ताठ, आणि गिअर बदलला तरी ताठच राहिली पाहिजे, पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर चालतं.

ह्यातून मार्ग तीन. चाक उलटं करून बसवायचं, किंवा पुढे दोन चेनव्हील आणि मागे दोन दात्यांची डबल कॉग लावून चेन हाताने हलवायची, किंवा गिअर हबच्या पोटातच असलेलं चाक बांधून घ्यायचं. मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि दुसऱ्यावर थांबलोय, त्यामुळे दुसऱ्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

चाक उलटं करायचा प्रकार सगळ्यात जुना. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगीच नव्हती, तोवरचे रायडर घाटाच्या पायथ्याला उतरायचे, मागचं चाक काढायचे, फिरवून दुसरी बाजू लावायचे आणि चढायला लागायचे. आपल्याकडच्या बऱ्याच फिक्सींना फ्लिप-फ्लॉप हब येतोच, एका बाजूला फिक्स्ड कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचे आटे. तिथे कॉगपेक्षा दोन-तीन दाती मोठं फ्रीव्हील लावा, झाला तुमचा घाटाचा गिअर. फक्त हिशेब एक लक्षात ठेवा, मागे एक दाता वाढला की चाक साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं. दोन दात्यांना सहा-साडेसहा, चार दात्यांना जवळपास १३ मिलिमीटर. तुमच्या फ्रेमच्या मागच्या खाचेची लांबी मोजा, चाक पुढे आल्यावर टायर सीटखालच्या नळीला घासतो का बघा, आणि मागे रिमब्रेक असेल तर त्याचे रबर रिमवरून सरकून टायरवर येत नाहीत ना ते पण बघा. ह्याच कारणाने चाक उलटं करून फार मोठा फरक पाडता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील आलं की तिकडे पायाने वेग आवरता येत नाही, ब्रेक लागतातच.

आता डबल कॉग. ह्याला सायकलवाले डिंगल म्हणतात. एकाच तुकड्यात दोन दातेरी चकत्या, १७ आणि २१ दाती अशी, आणि पुढे क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, दोन चेनव्हील. ह्याची गंमत दात्यांच्या बेरजेत आहे. पुढे ४४ मागे १७, बेरीज ६१. पुढे ४० मागे २१, बेरीज ६१. बेरीज सारखी राहिली की चेनची लांबी जवळपास तेवढीच लागते, म्हणजे चेन न तोडता, न जोडता, फक्त उचलून एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर ठेवली की झालं. पुढे जेवढे दाते कमी तेवढेच मागे जास्त, हे एक पाठ करून ठेवा मग कुठलेही आकडे घ्या, ४६-१७ आणि ४२-२१ घ्या, काही पण घ्या.

जवळपास म्हटलं कारण अगदी तंतोतंत नाही. पुढच्या-मागच्या दात्यांतला फरक कमी झाला की चेन किंचित कमी लागते, ह्या दोन जोड्यांत तो फरक साडेतीन-चार मिलिमीटर येतो, म्हणजे ४०-२१ वर गेल्यावर चाक दोनेक मिलिमीटर मागे ओढावं लागतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी दोन दिवस चेन सैल का पडतीय म्हणून डोकं खाजवत होतो.

फायदा किती होतो ते आकड्यात बघा म्हणजे उगाच खर्च वाटणार नाही. ७०० सी चाकाला २५ चा टायर असेल तर चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ४४ भागिले १७ म्हणजे २.५९, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर जाते. ४० भागिले २१ म्हणजे १.९, एका फेऱ्यात ४ मीटर. सपाटीला मिनिटाला ९० फेरे मारले तर पहिल्या जोडीवर २९ चा स्पीड मिळतो. पण घाटात तुमचा स्पीड १० वर आला की त्याच जोडीवर मिनिटाला फक्त ३० फेरे पडतात, ते पायडल मारणं नव्हेच, एकेक जिना चढल्यासारखं गुडघ्यावर येतं. दुसऱ्या जोडीवर त्याच स्पीडला ४१-४२ फेरे पडतात. ऐकायला थोडा फरक वाटतो, केर्लीच्या पुढे चढ लागला की कळतो. तुमचा घाट कुठला, तुमचं वजन किती, ह्यावरून आकडे ठरवा, दुसऱ्याचे आकडे डोळे झाकून घेऊ नका.

सामान घेताना क्रँक आधी तपासा. पुढचं चेनव्हील ज्या बोल्टांवर बसतं त्या बोल्टांच्या गोलाचा व्यास बघायचा. ट्रॅक सायकलच्या क्रँकला तो १४४ मिलिमीटर असतो आणि त्यावर ४० दाती चेनव्हील बसतच नाही, बोल्टापर्यंत दाते येतात. १३० वाल्या क्रँकवर ३८ पर्यंत उतरता येतं आणि ११० वर ३४ पर्यंत. जुनी रोड बायकची डबल क्रँक मिळाली तर सगळ्यात बरं, दोन चेनव्हीलची जागा तिला आधीच असते. पण चेनव्हील घेताना गिअरवाल्या सायकलची घेऊ नका, त्यांचे काही दाते मुद्दाम बुटके आणि तिरके कापलेले असतात, चेन सहज निसटावी म्हणून, आणि आपल्याला तर चेन काही झालं तरी निसटायला नको आहे. सगळे दाते सारख्या उंचीचे असलेली साधी चेनव्हील घ्या. डबल कॉग बहुतेक बारीक, म्हणजे ३/३२ इंच मापाची येते, चेन पण त्याच मापाची घ्या, जाड १/८ वाली दोन चकत्यांच्या मध्ये घासायची शक्यता असते.

हत्यारं म्हणाल तर १५ चा पान्हा, लॉकरिंगचा (कॉगवर बाहेरून आवळायच्या रिंगचा) आकडीवाला पान्हा, चेनचा तुकडा लावलेला कॉगचा पान्हा, चेन कटर, चेनव्हीलच्या बोल्टांची अॅलन की, ग्रीस, रॉकेल आणि जुना टूथब्रश. लॉकरिंगचा पान्हा नसेल तर काम सुरूच करू नका. छिन्नी-हातोडीने लॉकरिंग ठोकणारे मेकॅनिक आहेत, त्यांच्या हातात हब देऊ नका.

चाक काढा. लॉकरिंगचे आटे उलटे असतात, म्हणजे कॉगच्या बाजूने बघितलं तर ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. सवयीने उलट्या बाजूला जोर लावत बसाल आणि ते आणखी आवळत जाईल, त्यामुळे पान्हा लावायच्या आधी एकदा तोंडाने म्हणा, लॉकरिंग घड्याळासारखं सुटतं. कॉगचे आटे सरळ, ती घड्याळाच्या उलट सुटते. ही उलट-सुलट रचना मुद्दाम केलेली आहे, तुम्ही पाय मागे दाबता तेव्हा कॉग सुटायला बघते आणि नेमकी त्याच वेळी लॉकरिंग तिला अडवते. जुनी कॉग निघाली की हबचे आटे रॉकेल आणि ब्रशने साफ करा, आट्यात बारीक कचरा राहिला तरी नवी कॉग तिरकी चढते. मग ग्रीस लावा, थोडं नाही भरपूर, आणि नवी कॉग आधी फक्त बोटांनी फिरवत चढवा, पहिले चार-पाच फेरे बोटांनी गेले पाहिजेत, अडकली तर पान्हा लावायचा नाही, काढून परत सुरू करायचं. मोठी चकती आऱ्यांकडे, लहान बाहेर. बोटांनी पूर्ण गेली की कॉगच्या पान्ह्याने आवळा, मग लॉकरिंग.

इथे माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. पहिल्यांदा मी हे काम स्वतः न करता एका दुकानात करून घेतलं. कॉग बसवली, लॉकरिंग हाताने फिरवल्यासारखं लावलं आणि दिली सायकल. मी पण तपासलं नाही. जोतिबाहून उतरताना पाय मागे दाबले तर पायडल एकदम अर्धा फेरा मोकळं गेलं, परत पुढे मारलं तर खट्ट करून बसलं, परत मागे दाबलं तर परत मोकळं. कॉग आट्यांवर मागे-पुढे फिरत होती. पुढे ब्रेक होता म्हणून मी उभा राहिलो, ब्रेक नसता तर त्या उताराला मला अडवणारं काहीच नव्हतं. घरी येऊन कॉग काढली तर हबचे आटे पिठासारखे सांडले, बोटावर चंदेरी भुकटी आली. हब गेला. त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळतो, लॉकरिंग स्वतःच्या हाताने आवळायचं, आणि पुढचा ब्रेक लावल्याशिवाय घाटात जायचं नाही. तुम्ही पण पाळा, ह्यात कुणाचं ऐकू नका. आणि साध्या फ्रीव्हीलच्या हबवर, ज्याला लॉकरिंगचे उलटे आटेच नाहीत, त्यावर फिक्स्ड कॉग चढवून चिकटवणारे पण असतात, ते तर करूच नका.

लॉकरिंग पहिल्यांदा आवळून झालं की सपाटीला जाऊन जोरात पायडल मारा, एखादा छोटा चढ चढा, टेंबलाईची टेकडी पुरते. पायांच्या जोराने कॉग आणखी थोडी आत बसते, मग लॉकरिंग परत पान्ह्याने आवळायचं. परत एक फेरी, परत एकदा आवळायचं. पान्ह्याला जराही फिरलं नाही की समजा बसलं.

आता पुढचं. बाहेर ४४, आत ४०. मागे बाहेर १७, आत २१. चेन पुढे बाहेरच्यावर असेल तर मागे पण बाहेरच्यावर, पुढे आतल्यावर असेल तर मागे पण आतल्यावर, आणि दोन्ही वेळा चेन सरळ रेषेत पाहिजे. म्हणजे पुढच्या दोन चेनव्हीलमधलं अंतर आणि मागच्या दोन चकत्यांमधलं अंतर एकच पाहिजे, हे बहुतेक वेळा नसतं. माझ्या क्रँकवर ते दीड मिलिमीटरने कमी भरलं. कोल्हापुरात ही अडचण अडचणच नाही, ज्या गावात इंजिनं बनली तिथे दीड मिलिमीटरचे वायसर मिळणार नाहीत असं होईल का. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे क्रँक घेऊनच गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, व्हर्नियर दोन ठिकाणी लावला, चेनव्हील हातात फिरवून बघितलं आणि विचारलं, बोल्ट किती? म्हटलं पाच. मग पाचीच्या पाची वायसर एका दांड्यातनं एका बसणीत काढतो, म्हणाले, एकाला जरी दोरा कमी-जास्त झाला तर चकती डुलणार आणि तू चेनला शिव्या देणार. पितळेचा दांडा लावला, फेस घेतला, भोक पाडलं आणि एकामागून एक पाच वायसर हातावर पडले, गरम होते. ते अजून सायकलवर आहेत. तर स्वतः घरी पत्रा कापून वायसर करण्यापेक्षा क्रँक घेऊन उद्यमनगरात जा.

बसवून झाल्यावर मागे उभं राहून एका डोळ्याने चेनच्या रेषेत बघा. सायकल उलटी करून पायडल हळू फिरवा, खरखर आली तर रेषा चुकलीय. फिक्सीची चेन नीट असली की जवळपास आवाजच येत नाही.

चेनची लांबी ४४-१७ वर ठरवायची, चाकाचा एक्सल खाचेच्या मधोमध येईल अशी, म्हणजे ४०-२१ वर गेल्यावर मागे ओढायला जागा राहते. ताण किती तर खालच्या बाजूला मध्यावर बोटाने वर-खाली केलं की सेंटिमीटरभर हलली पाहिजे. त्यापेक्षा जास्त हलली तर निसटेल, अजिबात हलली नाही तर बेअरिंग खाईल. पायडल फिरवत चार ठिकाणी बघा, एका ठिकाणी टाईट आणि एका ठिकाणी सैल येत असेल तर चेनव्हील मध्यावर नाही, त्याचे बोल्ट किंचित ढिले करून लाकडाने हलके ठोकून मध्यावर आणायचं.

हे सगळं करताना बोटं सांभाळा. ही फिक्सी आहे, चेन आणि कॉगच्या मध्ये बोट किंवा फडकं गेलं तर चाक थांबत नाही, ते बोट घेऊन फिरतं. चेन पुसताना चाक फिरत ठेवून फडकं लावायची सवय साध्या सायकलवर लागलेली असते, ती इथे सोडा. चाक थांबलेलं असेल तेव्हाच हात लावायचा.

रस्त्यात गिअर बदलायचा तो असा. मी पन्हाळ्याला जाताना केर्ली सोडली की सावली बघून थांबतो. सायकल टेकवतो, १५ च्या पान्ह्याने दोन्ही नट दोन-दोन फेरे ढिले करतो, चाक पुढे ढकलतो, चेन सैल पडते. मागची चेन १७ वरून उचलून आत २१ वर, मग पुढची ४४ वरून आत ४० वर. चाक मागे ओढून आधी उजवा नट थोडा आवळायचा, मग चाक फ्रेमच्या मध्यावर धरून डावा, मग परत उजवा पूर्ण. फ्रेमच्या खाचेजवळ मी मार्करने दोन बारीक रेघा मारून ठेवल्यात, एक ४४ ची, एक ४० ची, एक्सलचा वायसर त्या रेघेला लागला की बघावं पण लागत नाही. शेवटी ताण तपासायचा आणि पुढचं चाक धरून पायडलवर मागे जोर देऊन बघायचं, चाक खाचेत सरकत नाही ना. पहिल्या वेळी मला १० मिनिटं लागली, आता तीन लागतात. हात काळे होतातच, खिशात एक जुना मोजा ठेवा, तो हातात घालून चेन उचलायची.

पन्हाळ्यावर पोचल्यावर चहा, कणीस काय खायचं ते खा पण उतरायच्या आधी चेन परत ४४-१७ वर घ्या. आळस करू नका. ४०-२१ वर उतारावर ४० चा स्पीड गेला तर मिनिटाला १६० च्या वर फेरे होतात, पाय त्या वेगाला टिकत नाहीत आणि पायडलवरून सुटला तर परत ठेवता येत नाही. ४४-१७ वर तोच आकडा १२३ च्या आसपास येतो, तो पण कमी नाही, म्हणून ब्रेक वापरत सावकाश उतरा.

आता ज्यांना थांबायचंच नाही त्यांच्यासाठी तिसरा मार्ग, स्टर्मी-आर्चरचा एस३एक्स हब. ही मूळ नॉटिंगहॅमची कंपनी, १९०२ पासूनची, २००० मध्ये तैवानच्या सनरेसने घेतली. त्यांनी पूर्वी पण एक तीन गिअरचा फिक्स्ड हब काढला होता, एएससी नावाचा, त्यात गिअर १००, ९० आणि ७५ टक्के असे जवळजवळ होते. एस३एक्स मध्ये वरचा गिअर सरळ, म्हणजे जेवढे दाते तेवढाच, दुसरा ७५ टक्के आणि पहिला ६२.५ टक्के. ४४-१७ लावलं तर २.५९, १.९४ आणि १.६२ मिळतात, म्हणजे आपल्या डबल कॉगपेक्षा पण हलका गिअर, आणि तो पण हँडलवरच्या शिफ्टरने. गिअर हबच्या आत बदलतो त्यामुळे चेन तशीच ताठ राहते.

मग मी तो का नाही घेतला. एक म्हणजे पूर्ण चाक नव्याने बांधावं लागतं, आणि हबच्या भोकांचा आकडा तुमच्या रिमशी जुळला पाहिजे. दुसरं, त्याच्या आतल्या गिअरांमध्ये थोडी ढील असते, पाय पुढून मागे दाबताना एक छोटा झटका मोकळा जातो, फिक्सीची जी पायाला चिकटलेली मजा आहे ती थोडी जाते. मला जोतिबाच्या उताराची आठवण असल्यामुळे ती ढील सहनच झाली नाही, मित्राच्या सायकलवर रंकाळ्याची एक फेरी मारून परत दिली. तुम्हाला चालेल कदाचित, रोज कामावर जायला-यायला तर तो हब डबल कॉगपेक्षा नक्की सोयीचा आहे. घेणार असाल तर आधी फ्रेमची मागची रुंदी मोजा, १२० आणि १३० मिलिमीटर दोन्ही मापात येतो. एक्सल फिरू नये म्हणून त्याचे दातवाले खास वायसर येतात, ते खाचेत नीट बसवा, साधे वायसर टाकून चालत नाही. आणि गिअरची तार ताणून झाली की सायकल हातात धरून तिन्ही गिअरवर पायडल पुढे आणि मागे दोन्हीकडे दाबून बघा, तार चुकलेली असली तर पाय मोकळा फिरतो, आणि हे कळायची जागा घराचं अंगण आहे, वाघबीळचा उतार नाही.

डबल कॉगवाल्यांनी पहिली मोठी राईड झाली की दुसऱ्या दिवशी लॉकरिंगला आणि पुढच्या पाची बोल्टांना एकदा पान्हा लावून बघा. माझे दोन बोल्ट पहिल्या पन्हाळा राईडनंतर पाव फेरा फिरले होते.